तांडेलाचा ट्रक

बाबा, मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, माझेच गुडघे आता जिना चढू देत नाहीत, पण हा राग काही म्हातारा होत नाही. गेल्या आठवड्यात तुझ्या धाकट्या नातवानं नवी गाडी घेतली. तिचा नंबर दुकानदारानंच आणून लावून दिला. कुणी हात जोडले नाहीत, कुणी बाकावर दिवस काढला नाही. सगळे पेढे खात होते आणि मी माझा पेढा बशीतच ठेवला. पोरगा म्हणाला, "आई, तुला गाडी आवडली नाही का?" आता त्याला काय सांगू, डोंबल! त्याला ठाऊकच नाही की त्याच्या आजोबाचा एक ट्रक होता, आणि त्या ट्रकाला नंबर मिळेना म्हणून आपलं घर दर्यावरूनही उठलं आणि रस्त्यावरूनही.

तू होडी विकलीस तो दिवस आठवतो. आईच्या मागे तूच घर चालवत होतास, आणि डहाणूच्या खाडीवर होडी नेणारा तुझ्याएवढा जाणता तांडेल दुसरा नव्हता. पण आपल्या आळीतल्या बायका सुकट-बोंबलांच्या पाट्या घेऊन कासा-तलासरीच्या बाजाराला निघायच्या, तेव्हा मोटारवाले वासाच्या नावाखाली पाट्या टपावरसुद्धा घेत नसत. एकदा माझ्या मावशीची पाटी ड्रायव्हरनं भर रस्त्यात खाली ठेवली आणि तिला चारोटीपासून चालत यावं लागलं. त्या दिवशी तू जेवला नाहीस. म्हणालास, "मासळी मी आणतो आनि ती न्यायला दुसऱ्याच्या पाया पडायचा? माझी गाडी घेन मी." लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती, तरी लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्या सरकार अजून लिलावात विकत होतं. डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचे त्यांना. तू कल्याणकडे जाऊन होडीच्या पैशांत तसला एक ट्रक घेऊन आलास. उजवीकडे बसायचं सोडून डावीकडे बसायचं, हिरवा रंग, दारावर पांढरे आकडे. अख्खी आळी बघायला लोटली होती आणि तू असा काही ऐटीत उतरलास की मला हसू आवरेना.

आणि मग तू ते केलंस. आपल्याकडे दुसऱ्याची होडी घेतली की आधी ती खरवडतात. जुन्या मालकाचं नाव, त्याची चित्रं, त्यानं ठोकलेलं काहीही होडीवर ठेवत नाहीत, नाहीतर त्याची इडापिडा मागं लागते. जे निघेल ते दर्याला द्यायचं, लाकडाला मुशी माशाच्या तेलाचा हात द्यायचा, नारळ फोडायचा. तू ट्रकालाही तेच केलंस. दोन दिवस तू आणि तुझे खलाशी कानशी घेऊन त्याला भिडला होतात. दारावरचे आकडे गेले. खालच्या लोखंडावर ठोकलेला आकडा घासून गुळगुळीत केलात, त्यावर डांबर फासलंत. आत एक पितळेची पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत काय काय कोरलेलं होतं. ती तू उचकटलीस आणि भरतीच्या पाण्यात टाकून आलास. मी ओसरीवर उभी राहून बघत होते. तलासरीच्या शाळेत मास्तरीण झालेली, एकोणीस वर्षांची, शिकलेली म्हणवणारी मी! मलाही सुचलं नाही की ती पट्टी म्हणजे त्या ट्रकाचं जन्मपत्र आहे.

महिन्याभरात फर्मान आलं. लष्कराच्या जुन्या गाड्यांना यापुढे सहजी नंबर द्यायचा नाही. लिलावाच्या पावतीवरचा आकडा आणि गाडीवरचा आकडा एकेक करून ताडून बघणार, डाव्या बाजूच्या सुकाणूला हरकत, जुन्या टायरांना हरकत, रंगाला हरकत. अरे, विकलं कुणी? तुम्हीच ना? एका हातानं लिलाव पुकारायचा आणि दुसऱ्या हातानं रस्ता अडवायचा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत. हे लिहितानाही मी कागद फाटेल इतकं पेन दाबते आहे.

आपल्या भागात असे सहा मालक निघाले. वाणगावचे बागाईतदार काका त्यांचे पुढारी. त्यांना इंग्रजी यायचं, शिवाय भाजी स्टेशनावर न्यायला त्यांनी असाच ट्रक घेतला होता. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. किती अर्ज लिहिले मी! शाळा सुटली की तलासरीहून यायचं, हातपाय धुवायचे आणि कागद घेऊन बसायचं. सहा जणांचं म्हणणं एकच, की सरकारकडूनच घेतल्या आहेत, आता सरकारनंच चालवू द्याव्यात. नंबर देणाऱ्या कचेरीतून उत्तर यायचं, नवा कागद जोडा. तो जोडला की विचारायचे, आधीचा कुठे आहे. तू दर खेपेला धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून त्या कचेरीत जायचास आणि त्या कारकुंड्यांपुढे हात जोडून उभा राहायचास. वादळात सुकाणू धरणारे हात ते! मला तेव्हा तुझीच चीड यायची. एकदा मी म्हटलंसुद्धा, "बाबा, तू ओरडत का नाहीस त्यांच्यावर?" तू म्हणालास, "वाऱ्यावर ओरडून वारा फिरतो का गो?" फिरत नाही, मान्य. पण वारा काही विचारत नाही की पावती कुठं आहे.

शेवटी सुनावणी लागली. साहेब स्वतः बसून सहाही मालकांचं ऐकणार होते. बाकी पाचांच्या गाड्यांवर पट्ट्या होत्या, अडचण तेवढी आपली. वाणगावचे काका आपल्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तांडेल, पट्टी खडबडीत रस्त्यात हादऱ्यांनी पडली असं लिहून द्यायचं. शंभर जणांच्या पडतात. दंड करतील, नवा आकडा ठोकतील, विषय संपला." तू मान हलवलीस. ती होकाराची होती की कशाची, ते कुणी विचारलं नाही. ते गेल्यावर तू मला सांगितलंस, "जसा झाला तसाच लिव." मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. तू त्यावर अंगठा दिलास.

सुनावणीच्या दिवशी त्या खोलीत पंखा होता, तो फक्त साहेबांवर फिरत होता. आपण सगळे भिंतीकडच्या बाकावर होतो. पाचांचं झालं. साहेब बऱ्या मनाचे दिसत होते, काकांना तर त्यांनी "बघू, करता येईल" असं म्हटलंही. मग आपला कागद वर आला. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "सदर पट्टी रस्त्यात हादऱ्यांमुळे निखळून गहाळ झाली." वाचून त्यांनी पेन उचललं. मी बघत होते, बाबा. पेनाचं टोपण काढलेलं होतं. नुसतं विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना, तांडेल?"

तू उभा राहिलास. "नाय साहेब. पडली नाय. मीच काडली. दर्याला दिली."

"म्हणजे? समुद्रात टाकली?"

"व्हय. आनि खालचा आकडा पन मीच घासला. आमच्यात जुन्या मालकाचा काय ठेवत नाय."

आधी शिपाई हसला, मग कारकून, मग साहेबसुद्धा. हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. "सरकारचा नंबर घासला म्हणतोस? आणि मग हे कागदावर कोणी लिहिलं?"

तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. "पोरीनं चुकून लिवला, साहेब. ती शाळेत शिकवते, तिला मोटारीतला काय कळनार. तिची काय चूक नाय."

साहेबांनी पेन बंद केलं. एक माणूस नंबर घासतो, खोटा कागद देतो, मग बाकीच्यांचे आकडे खरे कशावरून? सहाही अर्ज एका शेऱ्यात निकालात निघाले. परत येताना काका आपल्यापासून लांबच्या बाकावर बसले. वाणगावला उतरताना मात्र त्यांच्यानं राहवलं नाही. "तांडेल, तुमचं एक खरं आमच्या पाच घरांना बुडवून गेलं हो." तू एवढंच म्हणालास, "तांडेल खोटा बोलला तर खलाशी बुडतात, काका." वा रे वा! आणि खरं बोललास तेव्हा कोण तरलं? सांग ना! त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या जिभेवर आहे.

ट्रक किनाऱ्यावर सुरूंच्या झाडांखाली उभा राहिला. खाऱ्या वाऱ्यानं तो पोखरला, कोंबड्या त्याच्यात अंडी घालू लागल्या. त्याच सुमारास राज्याचे दोन तुकडे झाले आणि तलासरीच्या पलीकडे दुसरं राज्य सुरू झालं. तिकडचा एक व्यापारी आला, ट्रकाला लाथ मारून म्हणाला, "तांडेल, भंगार छे, भंगार," आणि भंगाराच्या भावानं घेऊन गेला. वर्षभरानं मी शाळेतून निघून हमरस्त्यावर उभी होते. समोरून आपला ट्रक आला. निळा रंग दिलेला, वर गवताचे भारे, पण दाराला पडलेला जुना पोचा मी ओळखणार नाही तर कोण? आणि पुढे ठळक, नवा कोरा नंबर! कुठलीशी पट्टी पैदा केली असणार, कुठलासा आकडा ठोकला असणार. खोटं बोलणाऱ्याला नंबर मिळाला होता. मी रस्त्यात उभी राहून त्या ड्रायव्हरला, त्या कचेरीला आणि तुला, तिघांना शिव्या दिल्या. बाजाराला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या, मास्तरीणबाईंना काय झालं म्हणून.

घरी येऊन तुला सांगितलं, तर तू जाळ्याची गाठ मारत म्हणालास, "चालतो ना? मग बरा झाला." बरा झाला! तू तोवर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होतास. ज्या पोरांना तू वल्हं धरायला शिकवलंस त्यांच्या हुकुमावर दोर ओढत होतास. चार पावसाळे तू तसे काढलेस आणि पाचव्यात खोकून खोकून गेलास. त्या चारही वर्षांत त्या प्रतिज्ञापत्राबद्दल तू माझ्याशी चकार शब्द काढला नाहीस. एक कानाखाली वाजवली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते. तू मला ती सोयही ठेवली नाहीस, आणि मला वाटतं माझा खरा राग तोच आहे.

कारण माझं चुकलं नव्हतं, बाबा. म्हणजे चुकून झालं नव्हतं. कागद लिहून झाला तेव्हा तू माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, "वाच." मी वाचला. पट्टी मीच काढली, दर्याला दिली, आमची रीत अशी आहे. तू सांगितलं होतंस ते अगदी जसंच्या तसं मी वाचलं. त्यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. कागदावर काकांनी सांगितलेलं होतं. तू समाधानानं मान डोलवलीस, अंगठ्याला शाई लावलीस. आणि त्या खोलीत तू "पोरीनं चुकून लिवला" म्हणालास तेव्हा मी बाकावरून उठले नाही.

तुला कळलं होतं. तू विचारलं नाहीस, पण कळलं होतं. त्यानंतर मामाचं पत्र आलं ते तू माझ्या हातात दिलं नाहीस. सरकारी कागद आला तोही नाही. ते वाचून घ्यायला तू स्टेशनाजवळच्या पोस्टमास्तरांकडे जाऊन रांगेत उभा राहायचास. हे मला त्यांनीच सांगितलं, तू गेल्यावर, सांत्वनाला आले तेव्हा. "घरात शिकलेली मुलगी असून तांडेल माझ्याकडे कसे येतात, मला नवल वाटायचं," म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, माझी शाळा लांब होती ना.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. मघाशी दार लावून ते मोठ्यानं वाचायला बसले, तुला ऐकवावं म्हणून. "अंगठ्याला शाई लावलीस" इथपर्यंत नीट वाचलं. पुढची ओळ, बाकावरून न उठल्याची, आली आणि मी ती गाळून पुढं गेले.