चौथी मेणबत्ती

धाकटे, तुला आणि तुझ्या घरच्यांना माझे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. माझ्या पोरीचं ऑपरेशन झालं. ती अजून दवाखान्यातच आहे, डोळे उघडते पण बोलत नाही. डॉक्टर "बघू" म्हणतात. एवढं शिकून तेवढंच येतं त्यांना.

नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ लागला, म्हणून नातवंडांसोबत हिरव्या फांद्यांचं कडं बांधलं आणि चार मेणबत्त्या बसवल्या. दर रविवारी एक पेटवायची. नात "आई कधी येणार" म्हणून डोकं खात होती, तर बोलून गेले, "चौथी पेटली की येईल." माझ्या जिभेला हाड नाही, तुला ठाऊकच आहे.

काल दुसराच रविवार. भांडी घासून बाहेर येते तर दोघांनी चारही पेटवलेल्या, आईच्या चपला दाराशी मांडलेल्या. नातू म्हणाला, "आजी, गप बस. बेल ऐकू येणार नाही."

मला फुंकर मारवेना. मेण संपेपर्यंत मीही त्यांच्याशेजारी बसले.

तुझे गुडघे कसे आहेत? कसेही असोत, तू निघून ये. निदान बेल तरी वाजू दे.

तुझी फटकळ थोरली