भाड्याची अक्षरं आणि एकशे आठ प्रदक्षिणा

तीर्थरूप सईआत्या, मुक्काम तंजावर,

अंबत्तूरहून गुंडोचा (दहावीला दोनदा बसलेल्या भाच्याचा) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? देवळात चालत प्रदक्षिणा घालणं बंदच ना? (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा फोन सकाळभर रामासमोर असतो.

तर मी इथे वेबसाइटी बनवायला लागलोय. आमचे व्यंकटेश सर (मला धाकट्या भावासारखं 'तंबी' म्हणतात) म्हणाले, "तंबी, अड्यारच्या भजन मंडळीची साइट महिनाभर नीट चालव, कायम करतो. नाहीतर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जाऊन बोल्ट आवळ." साइट मी झक्कास केली. रामपंचायतन, त्यातच पायाशी बसलेल्या मारुतीच्या वर मंडळीचं नाव, खाली अभंग, आणि अक्षरं अशी टपोरी की चष्मा नको. पण गंमत ऐका, ती अक्षरं (फॉन्ट म्हणतात त्यांना) आपली नाहीत. भाड्याची! परदेशातली एक कंपनी वर्गणी घेऊन देते. आणून घरी ठेवायची नाहीत. कोणी पान उघडलं की ती तिथून धावत येतात. तेही महिन्याला दहा हजार वेळाच, मग बंद. मला काही राहवेना. तंजावरात कोणी पान उघडलं हे तिकडे बसलेल्याला कळतं कसं? मोजतो कोण? तो जेवायला गेला की? (आजोबांनी पाटीवर ग म भ न शिकवलं तेव्हा वर्गणी नव्हती, फक्त कान धरायचे.) सरांना विचारलं, तर म्हणाले, "काम कर."

आणि चार तारखेला अक्षरं गेली! त्यांच्या जागी फोनमधली फुकटची आली, ती रुंद. मंडळीचं नाव दोन ओळींत पसरलं आणि दुसरी ओळ थेट मारुतीच्या तोंडावर. मंडळीच्या पुरुषोत्तमरावांचा फोन आला, "अरे, आमच्या मारुतीचं तोंड कुणी बांधलं?" सरांनी हिशेब उघडला. तीन दिवसांत दहा हजार!

"तंबी, या मंडळीत माणसं किती?"

"चाळीस, सर."

"मग हे कोण?"

"भक्ती वाढतेय, सर."

पण सरांना दिसलं, तीस-एक फोन, सगळे तंजावरचे, रोज सकाळी, आणि प्रत्येकावरून पान बरोबर एकशे आठ वेळा उघडलेलं. "हे माणसाचं काम नाही. कुणीतरी यंत्र लावलंय, आणि ते तूच." सोमवारी माझा निकाल आहे, आत्या.

तुमचा,
गुंडो

ता. क. सोमवारच्या आत सरांना फोन करून सांगा की तुम्ही यंत्र नाही, आत्या आहात. गल्लीतल्या बायकांनाही बोलू द्या. आणि पुढच्या महिन्यापासून अकराच प्रदक्षिणा घाला.

आणखी एक. पान एकदा पुन्हा उघडलं की एक प्रदक्षिणा, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं ना, ते कुठल्या पोथीत नाही. दहा हजारला खरंच थांबतं का, एवढंच बघायचं होतं. थांबतं! (तुम्ही सगळी गल्ली गोळा कराल हे मला काय माहीत?) कान आल्यावर धरा.

शेवटचं. संयुक्ताच्या लग्नात तुमच्याशेजारी बसलेल्या त्रिपुरसुंदरी मामी आठवतात? त्या सरांच्या आई. त्यांचाही गुडघा दुखतो म्हणे. त्यांना हा उपाय सांगाल का? अकरा नको, पूर्ण एकशे आठ सांगा. सोमवारी सरांच्या स्वतःच्या घरून एकशे आठ आले की सर यंत्र कुणाला म्हणतात, तेवढं मला बघायचंय.