मुदत अर्ज नामंजूर

ताई,

काळा कोट शोधू नकोस. मी तो घेऊन तुझ्या मनाच्या डॉक्टरांकडे पुढे जातोय.

तिथे जायला तीनदा तू मुदत मागून घेतलीस. आधी साक्ष होती, मग सुनावणी, मग म्हणालीस, "डोकं काय, कुठे पळून जातंय?" जातंय, ताई. काल तू कुकरच्या शिट्टीला "हो, साहेब" म्हणालीस. मी हसलो. मग तू सिंकपाशी उभ्याउभ्याच रडलीस आणि मी गॅस बंद केला.

सकाळी तुझ्या सिनियरांचा फोन आला. कितीतरी दिवसांनी तुला गाढ झोप लागली होती, म्हणून मीच उचलला. थाप तयार होती, ताईला कांजिण्या आल्यात. पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. यावर तू मला फाडून खाशील, मान्य. पण साहेब म्हणाले, "आजचं काम मी बघतो. त्या डॉक्टरांचा नंबर दे. माझ्या एका मित्राला हवाय."

मित्राचं नाव मी विचारलं नाही.

चहा थर्मासमध्ये आहे. पिऊन ये. अकराला तुझं नाव पुकारतील. तू नाही आलीस तर मी कोटालाच आत पाठवणार आहे. तो बिचारा स्वतःहून काही बोलणार नाही. त्याची बाजू मांडायला वकील लागेल.

तुझं शेंडेफळ