मिठाच्या गोदामातून

हिरामण यांस,

तुमचं नाव तोंडानं घेत नाय, पण कागदावर लिहायला लाज नाय.

जनूभावोजी निरोप घेऊन आले. रोह्याला कंपनीजवळ तुम्हाला चार भिंतींची खोली मिळाली, आता मी यावं म्हणता. खाडीचा बांध फुटून घरं गेली, तेव्हा इंग्रजांच्या या जुन्या मिठाच्या गोदामात सात बिऱ्हाडं आली. मधे नुसते गोणपाटाचे पडदे. "असं गुरांसारखं मी राहणार नाय," म्हणालात आणि मला पोटुशी टाकून गेलात.

भादव्यात भरदुपारी कळा सुरू झाल्या. पेणच्या दवाखान्याची वाट पाण्याखाली होती. मी तोंड दाबून होते, तरी शेजारच्या धोंडुबाईनं पडद्याआडून ओळखलं. "एकली कशाला सोसतेस गो?" म्हणाली. मग बायांनी सातही बिऱ्हाडांचे पडदे काढले आणि माझ्याभोवती बांधले. त्या दिवशी सगळं गोदाम आडोशाविना राहिलं. मुलगी झाली, तसा पुरुषांनी दारात गूळ वाटला.

हे पत्र टपालपेटीत टाकणार नाय. भावोजींकडे तोंडीच सांगते: मी येत नाय, तुम्ही या. लेक दाखवीन. इथं राहायचं म्हणाल, तर ते मात्र सगळ्या बिऱ्हाडांना विचारावं लागंल.

तुमच्या लेकीची आई,
हौसा