विहिरीत कोण खोकलं?

सातपूर, नाशिक
रविवार

तीर्थस्वरूप सौ. इंदिराताईस,

धाकट्या यशोधनचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्याने तूर्त अर्धाच, उरलेला भेटीत). तुझी कंबर कशी आहे? भावोजी अजून दाढेला लवंगच लावून बसलेत का? डॉक्टरकडे ने त्यांना. इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून सगळे.

त्याचं झालं असं. आपली पायल (माझी नात, तू पाहिलीस तेव्हा रांगत होती, आता तिसरीत आहे) सुट्टी लागल्यापासून मोबाइलमधून मान वर काढत नाही. मला फार लागलं गं ते. निवृत्त झाल्यावर तीन वर्षं खपून मी मुलांसाठी कादंबरी लिहिली, ती कोणासाठी? एक्केचाळीस पानं! वाचून दाखवायला बसलो, तर पोरगी म्हणते, आजोबा, डोंगर पुढे ढकला ना. (डोंगराचं वर्णन मला दोन पानं छान जमलं होतं.)

पण तीस वर्षं कारखान्यात तयार माल तपासलेला माणूस मी, असा बरा ऐकेन! कॉलनीतली सहा पोरं ओट्यावर बसवली, चिक्की वाटली आणि रीतसर तपासणी सुरू केली. ज्या पानावर पहिली जांभई, ते पान नापास. आणि नापास माल चुकून चांगल्यात मिसळू नये म्हणून जागच्या जागी तोडून टाकायचा, हा आमच्या खात्याचा नियम. पहिल्या रविवारी डोंगर गेला. दुसऱ्या रविवारी राजाचा उपदेश गेला (नऊ पानं होता, वाचता वाचता माझेही डोळे मिटत होते). शेजारची तेजल तर मी नुसता चष्मा लावला की जांभई द्यायची. असं करत करत आज हातात उरल्या तीन ओळी. हत्ती विहिरीशी आला. विहिरीत पाणी नव्हतं. आत कुणीतरी खोकलं.

आणि ताई, एकानेही जांभई दिली नाही! पायलने मोबाइल उपडा ठेवला, माझा सदरा धरला आणि विचारलं, "कोण खोकलं?"

आता आली का पंचाईत? पुढची पानं मीच फाडलेली. शेवट सात वेळा बदललेला, त्यामुळे कोणता कायम ठेवला होता तेच आठवेना. बेडूक, असं म्हणून पाहिलं, तर पोरांनी मला वेड्यात काढलं. असो. भावोजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
यशोधन

ता. क. दिवाळीत तुला हस्तलिखिताची झेरॉक्स पाठवली होती. एका बैठकीत वाचली, रडू आवरेना, असं तू कळवलं होतंस. तर विहिरीत कोण होतं, तेवढं सांग.

आणखी ता. क. गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडली नसशील तर लाजू नकोस, तसाच पाठव. (कादंबरी विनोदी होती गं. रडू कशाचं आलं?)

शेवटचं ता. क. पायल म्हणते, शेवट कळेपर्यंत मोबाइल नको. तोवर ती माझ्याशेजारी बसून कोण खोकलं असेल याचे अंदाज बांधणार आहे. हे लिहिताना बारावा ऐकतोय. तेव्हा ताई, साध्या टपालानेच पाठव. आणि अजिबात घाई करू नकोस.