फिकट पिवळा गट

प्रिय मावशी,

गुडघा कसा आहे? तू सुट्टी घेतल्यापासून इथे बियाणे केंद्रात रागवायला कुणी उरलं नाही. मक्याच्या जुन्या वाणांची पोती मात्र येतच आहेत. टेबलाखाली मावेनात म्हणून एक तुझ्या खुर्चीवर बसवलंय. तुझ्यापेक्षा गप्प बसतं, एवढंच.

काल तुझ्या नोंदींवरून संगणकाने वाणांचे गट पाडले. काचेसारख्या कडक दाण्यांचे एकीकडे, दाण्याला वर खळगा असलेले दुसरीकडे, सगळं शहाण्यासारखं. शेवटी एक गट मात्र वेगळाच निघाला. बारीक कणीस, दाण्यांच्या आठ ओळी, रंग फिकट पिवळा. साहेब हरखलेच. "नवा वाण! मावशींचंच नाव देऊ या," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या गं, सर्वांत जोरात.

नंतर हौसेने ती कणसं खिडकीपाशी नेऊन काळ्या कापडावर मांडली. मावशी, ती पांढरी आहेत. आपल्या नेहमीच्या आठ ओळींच्या पांढऱ्या वाणाचीच भावंडं.

तुझ्या हातून रंग चुकेल हे मला पटेना. बोट लावून दाण्याचा पोत सांगायला मला तूच शिकवलंस. मग आमचे पडदे आठवले. मागे घरी आलीस तेव्हा दारातूनच म्हणालीस, "अगं, पडदे धुतेस की हळदीत बुडवतेस?" मी दोनदा धुतले. शेवटी नवरा म्हणाला, "पांढऱ्याला अजून किती पांढरं करणार?" आणि तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा? मिणमिणतो म्हणून तू तो तीनदा बदललास. मला तर तिथे लख्ख दिसतं.

म्हणून हे पत्र. फोनवर तू "मला काय धाड भरलीय?" म्हणून उडवून लावलं असतंस. मोतीबिंदू असेल, तो काढता येतो. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी न्यायला येते. नुसतं सोबतीला, हात धरायला नाही. साहेबांना अजून काही बोलले नाही. कणसं पुन्हा तपासायचीत एवढंच सांगून अहवाल थांबवलाय. खरं काय ते त्यांना तूच सांग, तुझ्या पद्धतीने, आधी दोन शब्द सुनावून. रंगाचा रकाना मी खोडून कोरा ठेवलाय. तो तुझ्याच हाताने भरायचा, घाई नाही.

आणि आज माझं अक्षर एवढं मोठं का, ते आता कळलं ना?

तुझीच,
धांदरट भाची