लादीतलं भोक

१४ मार्च, बुधवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या घरीही सगळी ठीक असतील.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नाही. आदल्या दिवशी साखर चढलेली निघाली, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. तुला कळवायचं राहिलं. तुझा फोन आल्यापासून बाईसाहेब हवेतच आहेत. "बघ, माझ्या लेकाला माझी काळजी आहे. तारीख विचारली, तू किती दिवस रजा घेणार तेही विचारलं." शेजारच्या काकूंना हे दहादा सांगून झालंय. कित्येक वर्षांत न आलेला फोन. मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.

तर रजा रद्द करून मी कामावर गेले, गोदीतल्या शीतगृहात. माझं काम काय असतं ते तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस, म्हणून सांगते. परदेशातून येणारा गोठवलेला मासा लाद्यांत, म्हणजे दगडासारख्या घट्ट चौकोनी ठोकळ्यांत असतो. लादीत ड्रिल घालायचं, ते फिरून मांस जरा ऊन झालं की नाक भोकाशी न्यायचं. सडका मासा तिथे लपत नाही. बाकीचे मधोमध भोक पाडतात. मी कोपऱ्यात, तिरपं पाडते, म्हणजे लादी फुटत नाही. साहेब त्याला "बाईंची सही" म्हणून चिडवतात.

थंडीत एका कंपनीचा माल मी नापास केला होता. भोकाशी नाक नेताच सडका वास आला होता. परत पाठवा असा आदेश निघाला, जहाज गेलं, मी विसरूनही गेले.

परवा आलेला माल नव्या कंपनीचा. देश वेगळा, खोकी कोरी करकरीत. पहिलीच लादी बाहेर काढली आणि कोपऱ्यात माझं तिरपं भोक. वरून पाणी ओतून पुन्हा गोठवलं होतं, पण तेवढाच बर्फ पांढरा दिसत होता. खोकी बदलली, देश बदलला, आणि भोकं पडलेल्या चार लाद्या फेकून द्यायला मात्र कुणाचा तरी हात धजला नव्हता. इतका चिकटपणा कुणाचा, हे तिथेच ओळखायला हवं होतं मी. लहानपणी तू नासलेलं दूधसुद्धा ओतू द्यायचा नाहीस.

माल तुझा हे कळलं ते तो सोडवायला आलेल्या तुझ्या एजंटमुळे. मला बघून तो चाटच पडला. "ताई, तुम्ही रजेवर होता ना?" मग बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मालक तुमचे सख्खे भाऊ. घरचंच आहे, सांभाळून घ्या."

माझी रजा त्याला कुठून कळली रे?

हा मासा वसतिगृहांत, दवाखान्यांत जायचा होता. तिथली माणसं पुढ्यात येईल ते गिळतात. त्याचा जाब तुला कायदा विचारेल. पण आईच्या डोळ्यांची चौकशी करून तू माझ्या रजेची तारीख काढून घेतलीस, त्याचा जाब कोण विचारणार? मला तुझा इतका राग आलाय की अक्षर धड येत नाही. आणि आई अजून काकूंना तुझा फोन सांगते आहे. मी ऐकून घेते.

साहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं, माल माझ्या भावाचा आहे, पुढची तपासणी दुसऱ्याकडे द्या. त्यांनी दिली. त्या लाद्यांचा अहवाल मात्र माझ्याच सहीने गेला. साहेबांनी एवढंच विचारलं, "घरी बोललात?" मी नाही म्हटलं.

ऑपरेशन आता पुढच्या आठवड्यात आहे. काल आई म्हणाली, "पट्टी काढताना तो समोर हवा. त्याला कळव." मी बरं म्हटलं. तिला पुढे काय सांगायचं ते तूच ठरव, माझी अक्कल चालत नाही.

एवढं सगळं फोनवर का नाही बोलले, असं तुला वाटेल. फोन केला असता तर तुझ्या गोदामात उरलेला माल तू रातोरात हलवला असतास. गोदामाला सील शुक्रवारी लागणार आहे. पत्र तुला शनिवारी मिळेल. टपालात विचारून घेतलंय मी. तारखा बघून काम करायचं तुझ्याकडूनच शिकले.

"तुझी" असं लिहवत नाही.

नुसतीच,
ताई